एसीचे भिंतीबाहेरचे काम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एसी बसवणाऱ्या कारागिरांना दुपारी जेवायलाही सवड राहत नाही. दिवसाला चार-पाच घरे उरकायची असतात. या घाईत खोलीच्या आतले काम बहुधा नीट होते, कारण ते घरमालकाच्या डोळ्यांसमोर चाललेले असते; कसर राहते ती भिंतीच्या बाहेर, जिथे ब्रॅकेट, तांब्याचे पाइप आणि त्यांवरचे आवरण असते. गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे याच बाहेरच्या कामाविषयी आहेत, म्हणून हा संपूर्ण अंक त्यांनाच दिला आहे. हे काम मी स्वतः वीसहून अधिक वर्षे केले आहे, आणि दुरुस्तीसाठी ज्या घरांत जावे लागले त्यांतील बहुतेक ठिकाणी दोष यंत्राचा नव्हता, बसवण्याचा होता, हे मला अगोदरच सांगितले पाहिजे.

प्रश्न : आमचे घर जुने, धाब्याचे आहे. भिंती दोन फूट जाड असून विटांचे बांधकाम मातीच्या गाऱ्यातले आहे. बाहेरून मात्र काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतला. मुलाने दीड टनाचा एसी घेतला आहे. कारागीर म्हणतो की एवढ्या जाड भिंतीला काहीही टांगले तरी चालेल. माझ्या मनाला ते पटत नाही. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : आपल्या मनाला पटत नाही तेच बरोबर आहे, सर. भिंतीची जाडी ही एक गोष्ट आणि भिंतीची पकड ही दुसरी. ब्रॅकेट ज्या फास्टनरने भिंतीला धरले जाते, तो फास्टनर छिद्रात गेल्यावर नट आवळताच फुगतो आणि छिद्राच्या कडांना दाबून घट्ट बसतो. त्याची सगळी ताकद या दाबातून येते, आणि दाब सोसायला भोवतालचा पदार्थ कठीण व एकसंध असावा लागतो. मातीच्या गाऱ्यातील वीट स्वतः कितीही पक्की असली तरी तिला शेजारच्या विटांनी धरून ठेवलेले नसते. त्यामुळे फास्टनर विटेला सोडत नाही, पण वीटच सांध्यातून हळूहळू सुटते. बाहेरचा सिमेंटचा गिलावा पहिल्या दिवशी खोटा दिलासा देतो. हाताने ओढून पाहिले तर सारे घट्ट वाटते, कारण वरचे जेमतेम वीस मिलिमीटरचे कवच कडक असते. कॉम्प्रेसरची थरथर एक-दोन उन्हाळे चालली की ते कवच तडकते.

भार नेमका कुठे येतो हे एकदा समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. दीड टनाच्या एसीचे आउटडोअर युनिट साधारण 25 ते 40 किलो वजनाचे असते. समजा ते 36 किलोचे आहे, त्याचा मध्य भिंतीपासून 30 सेंटिमीटर पुढे आहे आणि ब्रॅकेटच्या उभ्या पायावरील वरचा व खालचा बोल्ट यांत 36 सेंटिमीटर अंतर आहे. अशा वेळी वरचे दोन बोल्ट मिळून सुमारे 30 किलोच्या ताणाने भिंतीबाहेर खेचले जातात, तर खालचे बोल्ट भिंतीत दाबले जातात. तोच उभा पाय निम्म्या लांबीचा घेतला की वरच्या बोल्टांवरची ओढ दुप्पट, म्हणजे 60 किलो होते. यात थरथर, वादळी वारा आणि दुरुस्तीच्या वेळी युनिटवर रेलणाऱ्या माणसाचे वजन धरलेले नाही. म्हणून दुकानात स्वस्त मिळणारे आखूड पायाचे ब्रॅकेट मी कधीच घेऊ देत नाही, आणि वरच्या बोल्टांची जागा ठरवताना सर्वांत जास्त वेळ खर्च करतो.

आपल्या घरासाठी माझा सल्ला असा, की भिंतीला काही टांगूच नये. अंगणात किंवा घरामागच्या बोळात सिमेंटचा फूटभर उंच ओटा बांधून त्यावर युनिट ठेवावे, मागे भिंतीपासून किमान 10 ते 15 सेंटिमीटर आणि पुढे किमान दोन-अडीच फूट मोकळी जागा सोडावी. धाब्यावर मात्र ते चढवू नये, कारण कडीपाटाला आणि वरच्या मातीला ती सततची थरथर मानवत नाही आणि माती हलली की पावसाळ्यात त्याच जागी गळती सुरू होते. जमिनीवर जागाच नसेल आणि खिडकीवर पुढे कधी काँक्रीटची छावणी, म्हणजे चौकटीवरचा लिंटल, घातलेली असेल, तर वरचे बोल्ट त्या काँक्रीटमध्ये येतील अशी जागा शोधावी. तेही नसेल, तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने चार इंच चौरस जाड लोखंडी पट्टी लावावी, म्हणजे ओढ एका विटेवर न येता मोठ्या भागावर पसरेल. पण दोन फुटांच्या भिंतीला आरपार भोक पाडताना ड्रिलचा हादरा बसतो, हे लक्षात घेऊन तो उपाय शेवटचा समजावा.

जळगावातील नव्या इमारतींत राहणाऱ्या दोन वाचकांनी अगदी उलट प्रश्न विचारला आहे : भिंत नवी असून बोल्ट फिरतच राहतो, आवळला जात नाही. त्या भिंती हलक्या, फुगीर सिमेंटच्या ब्लॉकच्या आहेत. त्यांत नेहमीचा फास्टनर धरत नाही. ब्रॅकेट काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात घ्यावे, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे आरपार बोल्ट व पट्टी वापरावी. भिंत कशाची आहे हे कळण्यासाठी घरमालकाने एक गोष्ट जवळ उभे राहून पाहावी. ड्रिल सुरू झाले की छिद्राखाली कागद धरावा आणि पडणारी भुकटी पाहावी. आधी गिलाव्याची राखाडी भुकटी येते. त्यामागून कोरडी लाल भुकटी येत राहिली तर ती वीट आहे. मातकट, किंचित ओलसर भुकटी आली आणि ड्रिल एकदम आत गेले तर ते गाऱ्याच्या सांध्यात शिरले आहे, तेव्हा छिद्र बुजवून जागा बदलावी. पांढरट, पिठासारखी भुकटी येऊन ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे गेले, तर तो हलका ब्लॉक आहे. फास्टनर ठोकण्याआधी छिद्रातील ही भुकटी फुंकून किंवा ब्लोअरने पूर्ण काढावी लागते. ती आत राहिली की फास्टनर भिंतीऐवजी भुकटीवरच दाब देतो. मी पाहिलेल्या सैल बोल्टांपैकी पुष्कळांचे कारण एवढेच होते.

प्रश्न : आमचा एसी गच्चीवर बसवला आहे. दोन उन्हाळ्यांतच पाइपांवरची पांढरी पट्टी फाटून लोंबू लागली आणि आतला फोम हाताला लागताच गळून पडतो. कारागीर पुन्हा पट्टी गुंडाळून देतो म्हणतो. दर दोन वर्षांनी हेच करत राहायचे का?
— एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : नाही, ताई. पण त्यासाठी पट्टी म्हणजे संरक्षण हा समज आधी सोडावा लागेल. ती पांढरी पट्टी चिकट नसते. ती फक्त दोन पाइप, वायर आणि पाण्याची नळी एकत्र बांधून ठेवते. भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्या उन्हातील अतिनील किरणांनी ही पट्टी आधी पिवळी, मग ठिसूळ होते आणि शेवटी पापडासारखी तुटते. पट्टी गेल्यावर ऊन फोमवर येते, आणि पांढरा स्वस्त फोम असेल तर तो एका उन्हाळ्यात भुकटी होतो. गेल्या वर्षी याच भागातील एका गच्चीवर मी पाइप सोडवले, तेव्हा सावलीतल्या हातभर भागात फोम नव्यासारखा मऊ होता आणि उन्हातल्या तीन हातांत नुसते उघडे, हिरवट पडलेले तांबे होते. पाइप एकच, बसवला एकाच दिवशी, पण सावली संपली तिथे फोमही संपला होता.

फोमचे काम काय, हेही सांगतो, कारण अनेक कारागीर फक्त जाड पाइपाला फोम चढवतात आणि बारीक पाइप तसाच गुंडाळतात. घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब कमी करणारा भाग बहुधा बाहेरच्या युनिटमध्येच असतो, त्यामुळे थंडी सुरू असताना दोन्ही पाइप गार असतात. म्हणून दोन्हींना वेगवेगळा फोम हवा. जाड पाइप 10 अंशांच्या आसपास आणि बाहेरची हवा 45 अंश, म्हणजे 35 अंशांचा फरक. उघड्या पाइपातून खोलीसाठी तयार केलेला गारवा गच्चीवरच वाया जातो आणि वीजबिल मात्र पूर्ण येते. मे महिन्यात आपली हवा कोरडी असल्यामुळे उघडा पाइप फारसा ओला होत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास हवा दमट झाली की त्याच पाइपावर पाणी धरते, भिंतीत झिरपते आणि आतल्या रंगाला पोपडे येतात. लोक तेव्हा छत गळते असे समजून गवंड्याला बोलावतात.

आता उपाय. फोम काळा, नायट्राइल रबराचा घ्यावा आणि गच्चीसाठी त्याची जाडी 9 ऐवजी 13 मिलिमीटर घ्यावी. तो पाइपावर अखंड सरकवावा. चिरून चढवावा लागलाच तर चीर त्यासाठी मिळणाऱ्या चिकट द्रावणाने बंद करावी, नुसती पट्टीने दाबू नये. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे फट राहते की नाही हे बोट फिरवून पाहावे. त्यावर पट्टी गुंडाळायची ती उभ्या पाइपावर खालून वर, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढवत. असे केल्याने वरचा फेर खालच्या फेरावर कौलासारखा पडतो आणि पावसाचे पाणी आत न शिरता ओघळून जाते. वरून खाली गुंडाळलेली पट्टी म्हणजे उलटी कौले, तिच्या प्रत्येक घडीत पाणी साचते. कारागिराच्या हाताला वरून खाली येणे सोपे पडते, म्हणून हे तेवढे उभे राहून करून घ्यावे.

आणि या सगळ्यावर उन्हासाठी वेगळे आवरण हवेच. बाहेरच्या वापरासाठी बनवलेले पीव्हीसीचे झाकणाचे चॅनेल मिळते. ते महाग वाटल्यास तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्यात सगळा जुडगा बसवावा आणि चीर भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवावी. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून जीआय पत्र्याचा चौकोनी खोका वाकवून घेतला तर तो अधिक वर्षे टिकतो. तो बसवताना पत्र्याची कड फोमला कापणार नाही एवढे पाहावे. आवळपट्ट्या साधारण दर मीटर-सव्वा मीटरला असाव्यात आणि त्या रुंद असाव्यात. अरुंद तारेने पाइप बांधला की फोम दबून तिथे पातळ होतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी पाणी सुटते. आपले पत्र दीपनगरच्या बाजूचे असल्याने एक जास्तीची सूचना : वीजकेंद्राकडून येणारी बारीक राख युनिटच्या मागच्या जाळीत बसते, तेव्हा पाइपांचे काम करून घेतानाच ती जाळी मुख्य स्विच बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्यावी. जोराच्या धारेने जाळीचे पत्रे आडवे होतात.

प्रश्न : दर वर्षी मार्चमध्ये एसीत गॅस भरावा लागतो. कारागीर सांगतो की उन्हाळ्यात गॅस वापरला जातोच. शिवाय नवा एसी घेतला तर जुनेच पाइप चालतील, पैसे वाचतील, असेही तो म्हणतो. हे खरे का?
— एक दुकानदार, धुळे

उत्तर : दोन्ही खरे नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कुठे वाट मिळाली नाही तर यंत्राच्या आयुष्यभर तेवढाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी निसटत आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे, आणि आपण ते दर वर्षी पैसे मोजून करत आहात.

गळती बहुतेक वेळा सांध्यावर सापडते. तांब्याच्या पाइपाचे तोंड फुलवून, म्हणजे फ्लेअर करून, पितळी नटाने ते युनिटला जोडतात. कारागीर पाइप सुतात मोजतात, आणि एका इंचाचे आठ सूत. दीड टनाच्या एसीला बहुधा दोन सुती आणि चार सुती, म्हणजे पाव इंची आणि अर्धा इंची पाइप लागतो. तो हॅक्सॉने कापला तर तोंडाशी खरखरीत कड राहते आणि तांब्याचा कीस आत पडतो, म्हणून तो फिरत्या कटरनेच कापायचा, तोंड खाली धरून आतली कड साफ करायची, आणि मगच फुलवायचे. चांगल्या फ्लेअरची कड आरशासारखी गुळगुळीत आणि सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची असते. नट आधी हाताने पूर्ण फिरला पाहिजे. पहिल्या फेऱ्यापासूनच पाना लावावा लागत असेल तर आटे वाकडे बसले आहेत. कमी आवळला तर गळती, जास्त आवळला तर फ्लेअर चिरते, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पाना लावणे हाच खरा मार्ग आहे. पाइप वाकवताना स्प्रिंग किंवा बेंडर वापरावा. गुडघ्यावर वाकवलेल्या पाइपाला चपटी घडी पडते आणि ती पुन्हा सरळ केली तरी तांबे तिथे कमकुवत राहते.

पुढचे दोन टप्पे आपल्याकडे सर्रास गाळले जातात. पहिला, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी. दाब पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत घ्यावा, सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावावा आणि बुडबुडा येतो का ते शांतपणे पाहावे. काही ठिकाणी तो मोहरीएवढा असतो आणि मिनिटभराने येतो. या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण कॉम्प्रेसरचे तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दुसरा टप्पा व्हॅक्यूम पंपाचा. पाइपांत राहिलेली हवा आणि ओल पंपाने खेचून काढावी लागते. पंप किमान पंधरा-वीस मिनिटे चालवावा आणि बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का ते पाहावे. युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी रीत आता बंद झाली पाहिजे. सध्याच्या बहुतेक नव्या एसींत आर-32 हा गॅस असतो आणि तो मंद गतीने का होईना, पण पेट घेणारा आहे. आर-290 असेल तर तो म्हणजे प्रोपेनच, आणि तो सहज पेटतो. अशा यंत्राजवळ काडी ओढून गळती शोधणारा किंवा गॅस पूर्ण काढल्याशिवाय ज्योत लावणारा कारागीर घरात येऊ देऊ नये.

जुन्या पाइपांविषयी. आपला जुना एसी आर-22 चा असेल, तर त्यात खनिज तेल फिरत होते. आर-32 च्या कॉम्प्रेसरचे तेल वेगळ्या प्रकारचे असते, आणि जुन्या पाइपांत उरलेले खनिज तेल आर-32 मध्ये नीट मिसळत नाही. शिवाय त्याच तापमानाला आर-32 चा दाब आर-22 च्या सुमारे दीडपट असतो. दहा वर्षांच्या, भिंती कमी जाडीच्या पाइपावर आणि जुन्या फ्लेअरवर तो दाब टाकण्यात शहाणपण नाही. एसीच्या किमतीच्या मानाने नव्या पाइपांचा खर्च थोडा आहे. तो वाचवू नये.

प्रश्न : आमचे घर मळ्यात आहे. युनिट गोठ्याच्या भिंतीला लावल्यास सावली मिळेल. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा युनिटचे काय होईल ही भीती वाटते.
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : दादा, सावलीचा विचार चांगला आहे, पण गोठ्याची सावली नको. गोमूत्रातून अमोनिया सुटतो. अमोनिया आणि ओल मिळून तांबे खातात आणि पितळेला तर भेगा पाडतात. आपल्या सांध्यांवरचे सगळे नट पितळेचेच असतात. ही गोष्ट आपल्या देशातच मोठ्या प्रमाणावर लक्षात आली. इंग्रज फौजेने पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली, तेव्हा ती न वापरताच तडकू लागली, आणि पुढे त्याचे कारण जनावरांच्या मूत्रातील अमोनिया असल्याचे कळले. काडतुसांच्या पितळेचे जे झाले तेच आपल्या नटांचे होऊ शकते. युनिट गोठा, शेणखताचा उकिरडा आणि उघडे गटार यांच्यापासून शक्य तितके लांब, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, घराच्या उत्तर किंवा पूर्व भिंतीला लावावे. पश्चिमेलाच जागा असेल तर युनिटपासून हातभर वर पत्र्याचा किंवा सिमेंटचा छोटा छज्जा घालावा, मात्र पुढून आणि बाजूंनी हवा मोकळी ठेवावी. गरम हवा कोंडली की युनिट तीच पुन्हा ओढते. एसीची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून ठरवलेली असते. आपल्याकडे ते त्याहून दहा अंश वर जाते, तेव्हा आणखी अडथळा यंत्राला झेपत नाही.

वादळासाठी युनिटचे चारही पाय ब्रॅकेटला बोल्टने घट्ट हवेत. घाईत दोनच लावतात आणि बाकी दोन छिद्रे रिकामी राहतात, हे खाली उभे राहूनही दिसते. पायांखाली रबराच्या चकत्या आणि नटांना स्प्रिंग वॉशर असावेत, म्हणजे थरथरीने नट सुटत नाहीत. ब्रॅकेटच्या लोखंडाला जिथे कापले किंवा भोक पाडले, तिथला रंग निघालेला असतो. त्या जागी बसवण्याआधीच रेड ऑक्साइड लावावा. गंज तिथूनच सुरू होतो. वादळाचा हंगाम ओसरला की एकदा सगळे नट पाना लावून पाहावेत, आणि हे काम शिडीवर एकट्याने करू नये.

प्रश्न : नव्या घराचे बांधकाम चालू आहे. पाइप भिंतीत गाडून घ्यायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी?
— एक बँक कर्मचारी, जळगाव

उत्तर : भिंतीत गाडलेल्या पाइपात एकही सांधा नसावा, आतल्या युनिटच्या जागेपासून बाहेरच्या युनिटपर्यंत तो अखंड असावा, आणि त्यासाठी युनिटच्या जागा आधी पक्क्या कराव्या लागतात. पाइपांची लांबी आणि उंचीतला फरक किती चालतो हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ठरावीक लांबीच्या पुढे दर मीटरला जास्तीचा गॅस तोलून भरावा लागतो, अंदाजाने नाही. पाण्याच्या नळीला पूर्ण लांबीभर उतार हवा, दर मीटरला किमान एक सेंटिमीटर, आणि गिलाव्याआधी वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली येते का हे स्वतः पाहावे. पाइपांत नायट्रोजन भरून दाब दाखवणारा मीटर तसाच लावून ठेवावा आणि गिलावा होईपर्यंत काटा खाली आला नाही ना, हे रोज पाहावे. गवंड्याची छिन्नी पाइपाला लागली तर त्याच दिवशी कळते. गिलाव्याआधी भिंतीचे टेप धरून फोटो काढून ठेवावेत, नाहीतर पुढे चित्र टांगायला ठोकलेला खिळा नेमका पाइपात जाईल.

आणि उघडी तोंडे. घर पूर्ण होईपर्यंत सहा-आठ महिने पाइपांची तोंडे भिंतीबाहेर राहतात. त्यांत सिमेंटची धूळ तर जातेच, शिवाय कुंभारीण माशी ओली माती आणून त्यात घर करते. एका बंगल्यात नवा एसी लावल्यावर गारवाच येईना. दोन दिवस आम्ही यंत्र तपासत होतो आणि शेवटी बारीक पाइपातून वाळलेल्या मातीची करंगळीएवढी गोळी निघाली, आत तिच्या अळ्यांची कवचे. तोंडे चपटी करून ज्योतीने बंद करणे हा खरा बंदोबस्त आहे. नुसती पट्टी पुरत नाही.

प्रश्न : खारी फोम कुरतडून नेतात आणि उंदरांनी एकदा वायरही कापली. औषध घालावे का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : औषध घालू नये. वर सांगितलेला जीआय पत्र्याचा खोका हाच इथेही उपाय आहे. भिंतीतील भोक बाहेरच्या बाजूला थोडे उतरते असावे, त्यात पीव्हीसीचा तुकडा घालावा आणि उरलेली फट आधी लोखंडी जाळीने व मग पुटीने भरावी, कारण नुसती पुटी उंदीर एका रात्रीत पोखरतो. पाण्याच्या नळीच्या तोंडाला मोठ्या छिद्रांची जाळी बांधावी. पाली तिथूनच आत शिरतात.

प्रश्न : जुन्या कूलरचा लोखंडी स्टँड चांगला आहे. एसीचे बाहेरचे युनिट त्यावर ठेवता येईल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : स्टँड चार पायांवर जमिनीवर उभा असेल तर ठेवता येईल, आणि पातळ पत्र्याच्या स्वस्त ब्रॅकेटपेक्षा तो बरा ठरेल. खिडकीच्या गजांना किंवा चौकटीला अडकवलेला असेल तर मुळीच नाही. पाण्याने भरलेला कूलरही जड असतो हे खरे, पण त्याचे वजन स्थिर असते. कॉम्प्रेसर दिवसातून अनेकदा सुरू-बंद होतो आणि प्रत्येक वेळी धक्का देतो. युनिटच्या पायांतील अंतर मोजून स्टँडला नव्या आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात आणि युनिट बोल्टने बांधावे, नुसते ठेवू नये. त्याआधी प्रत्येक वेल्डवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. कूलरचे पाणी वर्षानुवर्षे त्या सांध्यांवर ठिबकलेले असते. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज येऊन पापुद्रे गळाले, तर तो स्टँड भंगारात द्यावा.